कणगीतले माप आणि बॅटरीतली वीज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विजेवर बोलायला उभी राहिले याचे तुम्हांला नवल वाटेल. पण मी घरात घडले तेवढेच सांगणार आहे.

माझ्या सासूबाईंना फुप्फुसांचे दुखणे आहे. दिवसाचे पंधरा-सोळा तास त्यांना प्राणवायूचे यंत्र लागते. गेल्या ज्येष्ठात रात्री वीज गेली. इन्व्हर्टर होता, म्हणून आम्ही निर्धास्त. दोन पंखे, टीव्ही, फ्रीज, सारे चालूच. तासाभरात इन्व्हर्टर केकाटला आणि बंद पडला. यंत्रही थांबले! डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवलेले सिलिंडर घरात होते, म्हणून निभावले. पण ते लावीपर्यंत सासूबाईंची झालेली घालमेल मी विसरणार नाही.

मग मनाशी म्हटले, कणगीत ज्वारी किती नि रोज लागते किती, हे मला ठाऊक असते. मग बॅटरीचेच का नसावे?

मापाला काही विकत आणावे लागत नाही. आपल्या विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती लुकलुकी, ते मीटरवरच छापलेले असते. आमच्यावर ३२०० आहे. तुमचे तुम्ही पाहावे. वीज असताना, बॅटरी पुरती भरल्यावर, घरातले सारे बंद करावे आणि मिनिटाची लुकलुक मोजावी. आमच्याकडे १ आली. ती इन्व्हर्टरची स्वतःची. मग एकच वस्तू लावून पुन्हा मोजावे आणि ती १ वजा करावी. पंख्याला ४ उरल्या. साठने गुणून तासाच्या २४०. त्यांना ३२०० ने भागून हजाराने गुणले की ७५ वॅट. चालत्या फ्रीजला ८, म्हणजे १५० वॅट. यंत्राला १७, म्हणजे सुमारे ३२० वॅट!

आता कणगी. आमची बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएचची. गुणाकार १८००. पण ॲसिडची बॅटरी तळापर्यंत खरवडली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच, ९०० धरावे. त्यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टर खातो. उरले ७२०. एकट्या यंत्राला ते जेमतेम सव्वादोन तास पुरतात. बॅटरी जुनी झाली की त्याहूनही कमी.

त्या दिवसापासून वीज गेली की आमच्याकडे यंत्र आणि एक छोटा दिवा, एवढेच चालते. मुले कुरकुरतात, मी त्यांच्या हाती विंझणा देते. आणि दीड तास झाला की सिलिंडर जवळ आणून ठेवते.

भगिनींनो, ज्या घरी आजारी माणूस आहे, तिने हे माप आजच घ्यावे. अंधार पडल्यावर मोजायला वेळ नसतो.