रक्ताची ओळख

श्रोतेहो, आम्हा कवींचं रक्त या शब्दावर फार प्रेम. रक्ताचं नातं, रक्ताचं पाणी, रक्त सळसळणं, हे सगळं आम्ही सढळ हातानं वापरतो. पण रक्ताची खरी ओळख पटवणारा माणूस रुग्णालयाच्या मागच्या खोलीत परीक्षानळ्यांपुढे बसलेला असतो. पेशंटला तो दिसत नाही.

त्याचं मोल आपल्या मुंबईच्याच उदाहरणावरून सांगतो. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडला. तोच 'बॉम्बे' रक्तगट. तांबड्या पेशींवरचे ए आणि बी हे घटक 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. ओ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात तो पायाही नसतो. त्यामुळे साध्या तपासणीत हा गट 'ओ' वाटतो. मात्र अशा पेशंटला ओ रक्त दिलं तर त्याचं शरीर त्या पेशी फोडून टाकतं. जीवावर बेततं.

म्हणून तपासणारा उलटी परीक्षाही करतो. पेशंटच्या रक्तातला द्रव घेऊन त्यात ओ गटाच्या पेशी मिसळतो. पेशींचे पुंजके झाले की तो थांबतो, रक्ताची पिशवी पुढे जाऊ देत नाही. या पेशंटला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचाच हा गट असतो. तो आनुवंशिक असल्यामुळे सख्ख्या भावंडांचं रक्त आधी तपासावं.

अशी माणसं रुग्णालयात आणखीही आहेत. कोणतं प्रतिजैविक कोणत्या जंतूवर चालेल हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगतो. कॅन्सरच्या पेशंटला किरणांची मात्रा नेमकी मिळावी, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ हिशेब मांडतो. साखर, क्षार यांचे आकडे बरोबर येतात की नाही, यावर जीवरसायनशास्त्रज्ञाची नजर असते.

रिपोर्टला उशीर झाला की आपण खिडकीशी आवाज चढवतो. चौकशी जरूर करावी. पण आत कुणी दुसऱ्यांदा तपासून बघत असेल, तर ती दहा मिनिटं आपल्याच माणसासाठी असतात.

रक्ताचं नातं जन्मानं जुळतं म्हणतात. भावंडांत कुणाचा गट जुळला नाही, की बॉम्बे गटाच्या पेशंटशी ते नातं एखादा अनोळखी माणूस जोडतो. त्या पिशवीवर गट लिहिलेला असतो. जात आणि धर्म नसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)