दाबलेल्या हवेचा ताप

सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक हाताला चटका बसण्याइतकें तापतें, हा अनुभव घरोघरचा आहे. दट्ट्या नळींत घासतो म्हणून पंप तापतो, अशी पुष्कळांची समजूत असते. घर्षणाचा वाटा त्यांत आहे, परंतु तो थोडा. हवा दाबावयाची म्हणजे तिच्यावर श्रम खर्च करावयाचे, आणि ते श्रम उष्णतेच्या रूपानें त्या हवेंतच उतरतात. मोटारीच्या एंजिनाला जो टर्बोचार्जर जोडतात, तो अशाच जातीचा पंप होय. मात्र तो मिनिटास लाखाहूनहि अधिक फेरे घेऊं शकतो, आणि त्याला फिरविण्याचें काम एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर करतो. स्वित्झर्लंडचे एंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनीं या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें.

पंपाचा हेतु सरळ आहे. त्याच सिलिंडरांत अधिक हवा कोंबली, कीं तिच्या प्रमाणांत अधिक इंधन जाळतां येतें व शक्ति वाढते. पण तापलेली हवा विरळ होते, आणि येथेंच पंप एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें परत घेऊं लागतो. उदाहरणादाखल बाहेरील हवा ३० अंश सेंटिग्रेड धरावी आणि पंप तिचा दाब दुप्पट करतो असें मानावें. पंप सर्वस्वीं निर्दोष असता, तरीहि ती हवा सुमारें ९६ अंशांपर्यंत तापली असती. शंभरांपैकीं सत्तर गुण मिळविणारा, म्हणजे बऱ्यापैकीं चांगला पंप तिला १२५ अंशांवर नेतो. दाब दुप्पट झाला खरा. पण त्याच जागेंत मावणारी हवा जेमतेम दीडपट भरते.

हा तोटा एक वेळ सोसतां येईल. खरा धोका निराळाच आहे. अतितप्त हवेंत मिसळलेल्या पेट्रोलचा कांहीं भाग, ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोंचण्यापूर्वींच, आपण होऊन भडकतो. एंजिनांतून ठोके ऐकूं येतात, आणि ते दीर्घकाळ चालले तर दट्ट्यांचीं डोकीं वितळतात किंवा भंगतात. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें ‘जेटफायर’ नांवाची टर्बो मोटार विक्रीस आणली. तिचें साडेतीन लिटरचें एंजिन २१५ अश्वशक्तीचें होतें. ठोके टाळण्यासाठीं आंत जाणाऱ्या मिश्रणांत पाणी व मेथॅनॉल यांचा फवारा सोडण्याची योजना तिच्यांत होती. फवाऱ्याची वाफ होतांना तें मिश्रण थंड होई. युक्ति नामी, पण टाकी वेळोवेळीं भरण्याचें मालकांच्या लक्षांत राहीना. टाकी रिकामी झाली, कीं पंपाचा जोर आपोआप कमी होई आणि ज्यासाठीं जादा पैसे मोजले तोच गुण नाहींसा होई. १९६३ नंतर ती मोटार निघाली नाहीं.

न विसरणारा उपाय म्हणजे इंटरकूलर. हा दिसावयास रेडिएटरचाच भाऊ; फक्त त्याच्या नळ्यांतून पाण्याऐवजीं दाबलेली हवा वाहते आणि बाहेरून वाऱ्याचा झोत लागतो. पोर्श कंपनीची ९११ टर्बो १९७५ सालीं त्याच्याशिवाय निघाली. तीन लिटरचें एंजिन, २६० अश्वशक्ति. १९७८ सालीं मागील पंखाखालीं इंटरकूलर बसवून तीच गाडी ३०० अश्वशक्तीची झाली. अर्थात् या वाढीचें सारें श्रेय शीतकाला देणें अन्यायाचें होईल, कारण एंजिनहि ३·३ लिटरचें केलें होतें. परंतु सिलिंडरांतील संपीडनाचें प्रमाण ६·५ वरून ७ वर नेण्याचें धाडस थंड हवेमुळेंच करतां आलें.

आतां मूळचा इंटरकूलर काढून मोठा बसविला तर काय होतें? वरील उदाहरणांत साधा इंटरकूलर वाढलेल्या ९५ अंशांपैकीं सत्तर टक्के उष्णता काढून घेतो असें धरलें, तर हवा ५८ अंशांवर येते. मोठा इंटरकूलर पंचाऐंशी टक्के काढील, तर ती ४४ अंशांवर येते. चौदा अंशांचा हा फरक कानाला मोठा वाटतो. घनतेंत मात्र तो चार टक्क्यांच्या आसपासच भरतो. जाहिरातींत अंश सांगतात, टक्के सांगत नाहींत. शिवाय अरुंद व लांब वाटांतून हवा ढकलतांना दाब घटतो. नव्या इंटरकूलरनें जुन्यापेक्षां चार टक्के दाब अधिक खाल्ला, तर घनतेचा लाभ तेथेंच संपला. तो दाब भरून काढावयाचा तर पंपाला अधिक राबावें लागतें, आणि अधिक राबला म्हणजे तो हवा अधिक तापवितो.

मग मोठ्या इंटरकूलरचा उपयोग कोठें? तो चढावर दिसतो. लहान इंटरकूलर पहिल्या जोराच्या दौडींत चांगलें काम देतो. पण त्याची धातु थोडी, ती लवकर तापते, आणि तिसऱ्या-चौथ्या दौडीला आंत जाणारी हवा पहिल्यापेक्षां बरीच ऊन असते. अलीकडच्या गाड्यांतील नियंत्रक हें तापमान सतत मोजतो आणि ठोक्यांच्या भयानें ठिणगी उशिरां पाडूं लागतो. चालकाला गाडी मंदावल्यासारखी वाटते. जाड पट्ट्यांचा, वजनदार इंटरकूलर उशिरां तापतो आणि वारा लागणारा त्याचा पृष्ठभागहि मोठा असतो. त्यामुळें पहिल्या दौडीची शक्ति चौथ्या दौडीलाहि बरीचशी टिकते. उलट गाडी चौकांत थांबून असली, तर वाऱ्यावांचून थोर आणि लहान दोघेहि सारखेच हतबल होतात. एंजिनाच्या डोक्यावरच बसविलेल्या इंटरकूलरची तर अशा वेळीं फार दैना होते, कारण खालून एंजिनाची धग त्याला पोंचत असते.

बाहेरच्या हवेपेक्षां थंड हवा असा कोणताहि वातशीत इंटरकूलर देऊं शकत नाहीं. नागपूरच्या मे महिन्यांतील दुपारीं तोच सांगाडा हिंवाळ्यांतील सकाळपेक्षां कितीतरी अंशांनीं ऊन हवा पुढें पाठवील, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. म्हणून जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्यानें तापमापक इंटरकूलरच्या पुढें, एंजिनाच्या तोंडाशीं लावावा, बाहेरचें तापमान टिपून ठेवावें, एकच चढ लागोपाठ चार वेळां चढावा आणि शेवटचा आंकडा पाहावा. त्याच वेळीं पाण्याच्या कांट्याकडेहि नजर ठेवावी. पुष्कळ गाड्यांत मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यांतच उभा राहतो आणि त्याच्या वाट्याचा वारा अडवितो.