आधी निदान, मग औषध!
(मंडळाच्या कार्यक्रमात पालक आणि मुलांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या घरोघरी आता मुलं पायथन शिकतात. प्रोग्राम चालवला की कधीतरी पडद्यावर येतंच, 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'. मग मूल दिसेल ते इन्स्टॉल करत सुटतं! थांबा. एररची शेवटची ओळ वाचा, न सापडलेल्या मॉड्यूलचं नाव तिथे असतं. मग तीन प्रश्न विचारा.

पहिला, नाव बरोबर आहे का? आपल्याकडे बारशाचं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं, तसंच इथे. इन्स्टॉल करायचं 'पिलो', पण इम्पोर्ट करायचं 'पीआयएल'. 'ओपनसीव्ही-पायथन'ला प्रोग्राममध्ये हाक मारायची 'सीव्ही२'.

दुसरा, टाकलं कुठे? एकाच संगणकावर दोन-तीन पायथन सुखाने नांदत असतात. सामान एकाच्या घरी टाकलं तर दुसऱ्याला कसं मिळणार? प्रोग्राममध्ये 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापून बघा, चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता मिळेल. त्याच पायथनच्या पिपने इन्स्टॉल करा.

तिसरा, त्याच नावाची फाइल आपल्याच फोल्डरमध्ये नाही ना? मुलं हौसेने प्रोग्रामला 'रँडम डॉट पीवाय' नाव देतात. पायथन आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याला मूळ 'रँडम'ऐवजी मुलाची फाइल मिळते आणि तो म्हणतो, यात 'रँडइंट' नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा. फाइलचं नाव बदललं की काम झालं. २०२४ साली आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून पायथन स्वतःच तसं सुचवतो.

आता पालकांसाठी. पायथनच्या सार्वजनिक भांडारात कुणीही पॅकेज ठेवू शकतो. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाला तिथे दहा नकली पॅकेजं सापडली. त्यातल्या एकात 'यूआरएललिब३' या खऱ्या नावातला फक्त एक 'एल' गाळला होता! ती संगणकाचं आणि वापरणाऱ्याचं नाव गुपचूप बाहेर पाठवत. मुलांच्या त्याच संगणकावर आपले फोटो असतात, बँकेचे व्यवहारही होतात. म्हणून अंदाजाने काही टाकू नका. लायब्ररीच्या अधिकृत माहितीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा.

मुलांना रागावू नका, शेजारी बसून हे तीन प्रश्न विचारा. पायथन येत नसलं तरी चालेल!