अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा आणि सरकारी कागद

(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर केलेले भाषण, बोलले तसे उतरवून घेतले)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आमच्या आज्यानं या दिंडीत पताका धरली, बापानं टाळ धरला. आम्ही चौथी शिकलेलो, शेती करतो आणि माउलीच्या कृपेनं चार शब्द कीर्तनात बोलतो. आज मात्र कीर्तन नाही. आज आमच्या घरातली एक चूक सांगायची आहे आणि त्यातून जे कळलं ते तुमच्या पदरात टाकायचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी सुगीत आमचा धाकटा भाऊ कडब्याच्या गंजीवरून खाली आला. कंबरेखालचं अंग गेलं. त्याच्या पखवाजावर तुमच्यातल्या पुष्कळांनी पावलं टाकलीत. हात शाबूत आहेत. अजून हरिपाठ लागला की खाटेच्या लाकडावर त्याची बोटं चालतात.

आम्ही त्या काळात काय करत होतो? गावोगाव कीर्तन. पुंडलिकाचं आख्यान लावायचो. आईबापाच्या सेवेत होता, देव दारात आला तरी उठला नाही, बसल्या जागेवरून वीट सरकवली. लोक डोळे पुसायचे. आणि पहाटे घरी यायचो तेव्हा आमची भावजय बॅटरीच्या उजेडात नवऱ्याला या कुशीवरनं त्या कुशीवर वळवत असायची. दर दोन तासांनी. दिवसा आणि रात्री. आम्ही पाय धुऊन झोपायचो.

एका उन्हाळ्यात तिला ताप भरला. तीन दिवस उठता येईना. आम्ही म्हणालो, "बघतो," आणि ठरलेल्या सप्ताहाला निघून गेलो. परत आलो तर भावाच्या माकडहाडावर जखम. वरून रुपयाएवढी, आत लिंबू मावेल एवढी. त्याला तिथं कळतच नाही, म्हणून तो ओरडला नाही. दीड महिना दवाखान्यात काढला. तिथल्या सिस्टर एक दिवस आम्हाला म्हणाल्या, "बाबा, नुसत्या औषधानं ही नाही भरायची. माणूस वळवायला पाहिजे. घरी वळवणारं कोण कोण आहे?"

आम्ही म्हणालो, "एक."

"मग दुसरं शोधा. आणि कागद केलेत का?"

कागद केले नव्हते. आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या होत्या. आमचा ताठा. खातंपितं घर, पंचक्रोशीत नाव. लोक म्हणतील, महाराजांनी भाऊ सरकारच्या दारात बसवला. त्या ताठ्याची किंमत भावानं पाठीवर आणि भावजयीनं कंबरेवर मोजली. आमच्या अंगाला काही झालं नाही.

आता कागदाचं सांगतो. नीट ऐका, घरी जाऊन शेजाऱ्याला सांगा.

पहिला कागद अपंगत्वाचा दाखला. आता दिव्यांग म्हणतात. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलंय. नुसते हातपाय आणि डोळेच नाहीत, मतिमंद लेकरू, सिकलसेल, पार्किन्सन, हेही त्यात आलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, सेतूत भरून देतात. आधार, फोटो, दवाखान्याचे जुने कागद जवळ ठेवा. मग सरकारी दवाखान्यात तपासणी. पुष्कळ योजनांना चाळीस टक्के किंवा जास्त लागतात. आम्ही भावाला जीपमध्ये गादी टाकून नेलं. एका दवाखान्यात खिडकीवर सांगितलं, आज तपासणीचा वार नाही. पडल्या माणसाला चाळीस किलोमीटर हलवून परत आणलं. म्हणून सांगतो, आधी वार विचारा, मग माणूस हलवा.

दुसरं, संजय गांधी निराधार योजना. उत्पन्नाचा दाखला लागतो, मर्यादा किती ते तलाठ्याला नाहीतर सेतूत विचारा. दिव्यांगांना महिना १५०० मिळायचे, २०२५ साली ते २५०० झाले. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. नाव ऐका, श्रावणबाळ! सरकारनंसुद्धा कावड आठवली.

तिसरं, ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के पैसा दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. हवेची गादी, चाकाची खुर्ची कशी मिळेल ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. विचारलं नाही तर मार्च येतो आणि पैसा भलतीकडं जातो.

चौथं, मतिमंद, सेरेब्रल पाल्सीची किंवा स्वमग्न लेकरं. त्यांच्यासाठी १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास झाला. त्याची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आणि प्रत्येक आईच्या पोटात एक भीती असते, माझ्या मागं याचं कोण? त्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचा.

आता सेवेचं, म्हणजे शुश्रूषेचं. इथं खोटं बोलणार नाही. दवाखान्यात दाखल केलं तर महात्मा फुले योजना आहे. पण घरी येऊन रात्रंदिवस बसणारी नर्स सरकार आज देत नाही. मिळतं ते एवढंच. उपकेंद्राला आता आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्या कामात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघणं धरलेलं आहे. आपलं नाव त्यांच्या वहीत पाहिजे. आमच्याकडं सिस्टर येतात, लघवीची नळी बघतात, जखम धुवायची कशी ते त्यांनीच आम्हाला शिकवलं. वहीत नाव नव्हतं तोवर कोणी आलं नाही, त्यात त्यांचा दोष नव्हता.

आणि २०१६ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्याला उठायला, बसायला, खायला, प्रत्येक गोष्टीला दुसरं माणूस लागतं, त्याला "जास्त आधाराची गरज असलेला" म्हणून अर्ज करता येतो. एक मंडळ तपासून त्याला कसला आधार लागतो ते लिहून देतं. त्याच कायद्यात अशा माणसासाठी, काळजी घेणारं माणूस ठेवायला भत्ता द्यावा, असंही लिहिलंय. केरळात अंथरुणावरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याला महिन्याला थोडा का होईना पैसा सरकार देतं. तिथं होतं, तर आपल्याकडं मागायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एकट्यानं दिला तर एक कागद. दिंडीतल्या सगळ्या गावांनी दिला तर त्यांना बघावं लागेल.

ही भीक नव्हे. रस्ता, शाळा, कॅनॉलचं पाणी आपण भीक म्हणून घेतो का? मग भावजयीच्या मोडलेल्या कंबरेचं मागताना मान खाली का घालायची?

मागल्या वर्षी आषाढीच्या आधी आम्ही भावजयीला म्हणालो, "बाई, यंदा तू वारीला जा."

ती म्हणाली, "दादा, आन् यांना कोण बघंल?"

"मी हाय की."

तिचा विश्वास बसेना. नऊ वर्षांत ती शेताच्या बांधापलीकडं राहिली नव्हती. शेवटी भाऊच म्हणाला, "जा गं. दादाला बी जरा शिकू दे." गेली. तुमच्याच बरोबर चालली, डोक्यावर तुळस होती. आमची चाळीस वर्षांतली पहिली वारी चुकली. आम्ही घरी दोन दोन तासांचा गजर लावून भावाला वळवलं. पहिल्या रात्री तीनदा वळवलं आणि आमचंच अंग मोडून आलं. तिनं नऊ वर्षं कसं केलं असेल, याचा हिशेब आम्हाला त्या रात्री लागला. कीर्तनात पुंडलिक सांगितला खरा, पण तो किती वेळा उठला असेल, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं.

म्हणून शताब्दीला दिंडीपुढं आमची तीन मागणी आहेत. एक, प्रत्येक गावच्या टाळकऱ्यांनी आपल्या गावात पडून असलेल्या माणसांची यादी करावी, जातपात, माळकरी-बिनमाळकरी न बघता. दोन, तपासणीच्या वाराला त्या घराबरोबर दोन तरुणांनी जावं, एक उचलायला आणि एक रांगेत उभं राहायला. आपण वीस दिवस चालतो, एक दिवस रांगेत उभं राहायला काय झालं? तीन, यादीतल्या प्रत्येक घरात वारीच्या काळात आळीपाळीनं एक माणूस मुक्कामाला राहावं, म्हणजे त्या घरची माउली एकदा तरी पंढरी बघून येईल.

पहिलं नाव आमच्या घरचं लिहा. यंदा आम्ही वारीला येणार की घरी राहणार, ते भावजयीला विचारून सांगतो.