पाण्यावरचा पहारा

(नवी मुंबईत नागपंचमीच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



वाशीच्या खाडीपुलावर लोकल आली की डब्यातला एखादा हात अजूनही नकळत कपाळाकडे जातो. एखादी आजी कनवटीचे नाणे काढून खिडकीतून खाडीत टाकते. शेजारचा नातू विचारतो, "आजी, हे कुणाला दिलंस?" आजी म्हणते, "पाण्याला." नातवाच्या पाठ्यपुस्तकात या उत्तराला जागा नाही. पण ते उत्तर फार प्राचीन आहे, आणि ते केवळ आपल्याच देशातले नाही.

रोमन सैन्य येण्यापूर्वी ब्रिटन, आयर्लंड आणि आजच्या फ्रान्सच्या भूमीवर सेल्टिक भाषा बोलणारे समाज नांदत होते. आपले धर्मग्रंथ त्यांनी लिहून ठेवले नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा मोठा पुरावा मिळतो तो पाण्याच्या तळाशी. लंडनच्या टेम्स नदीत बॅटरसी येथे १८५७ साली एक नक्षीदार कांस्याची ढाल सापडली. ती रणांगणासाठी फार पातळ आहे. नदीला अर्पण करण्यासाठीच ती घडवली असावी, असे अभ्यासक मानतात. वेल्समधील अँगलसी बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळाचे काम चालू असताना एका तळ्याच्या गाळातून तलवारी, भाले आणि रथांचे भाग निघाले. लोकांनी आपल्याजवळचे उत्तमातले उत्तम पाण्याला दिले होते.

हे पाणी त्यांच्या लेखी निर्जीव नव्हते. इंग्लंडमधील बाथ या गावी ४६ अंश सेल्सिअसचा उष्ण झरा आहे. त्याची स्वामिनी सुलिस देवी. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडले, पण तिचे मूळ नाव पुसले नाही. त्या झऱ्यातून शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० लेख मिळाले. त्यांतले बहुतेक तक्रारींचे आहेत. कुणाचा अंगरखा चोरीस गेला आहे आणि चोराला देवीने शासन करावे, अशी प्रार्थना आहे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, त्याचीच आठवण व्हावी. जर्मनीतील होखशाइड येथे झऱ्याजवळच्या देवळात सिरोना या देवीची मूर्ती सापडली. तिच्या हाताला सर्पाने वेढा घातला आहे आणि दुसऱ्या हातात अंड्यांचे पात्र आहे. पाणी, स्त्रीदेवता आणि सर्प हे त्रिकूट तेथे एकाच शिळेत दिसते.

याच भूमीत राजा आर्थरची कथा वाढली. सर थॉमस मॅलरीने रचलेली आणि कॅक्स्टनने १४८५ साली छापलेली ही कथा इंग्रजी भाषकांचे जणू पुराणच होय. आर्थरला तलवार मिळते ती सरोवरातून. पाण्याबाहेर एक हात येतो, त्या हातात तलवार असते, आणि ती घेण्याची अनुज्ञा सरोवराची स्वामिनी देते. अखेरच्या युद्धात जखमी झालेला राजा आपल्या सरदाराला, बेडिव्हिअरला, ती तलवार पाण्यात टाकून येण्यास सांगतो. रत्नजडित मूठ पाहून सरदाराला मोह होतो. दोनदा तो तलवार लपवतो आणि टाकून आलो असे खोटेच सांगतो. तिसऱ्या खेपेस तो ती फेकतो, तेव्हा तोच हात वर येतो, तलवार झेलतो आणि पाण्याखाली जातो. राजसत्ता पाण्याकडून उसनी घेतलेली असते आणि ती एक दिवस परत करावी लागते, असा या कथेचा अर्थ लावता येतो.

आणि ते शेवटचे युद्ध पेटते कशाने? दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना तहाची बोलणी चालू असतात. कुणीही शस्त्र उपसायचे नाही, असे ठरलेले असते. इतक्यात झुडपातून एक साप निघतो आणि एका सरदाराच्या पायाला दंश करतो. सापाला मारण्यासाठी तो सरदार तलवार उपसतो. पाते चमकलेले पाहून दोन्हीकडे रणशिंगे वाजतात, आणि सायंकाळपर्यंत आर्थरचे राज्य संपते. एका सर्पावर उगारलेल्या तलवारीने साम्राज्य बुडाले.

येथे श्रोत्यांना आपली कथा आठवली असेल. परीक्षिताला तक्षकाने दंश केला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. साऱ्या नागकुलाची आहुती पडणार होती. पण नागकन्येच्या पोटी जन्मलेल्या आस्तिकाने ते सत्र थांबवले. तेथे तलवार उपसली गेली, येथे ती म्यान झाली. कालियाचेही तसेच. त्याच्या विषाने यमुनेचा डोह नासला होता, तरी श्रीकृष्णाने त्याचा वध केला नाही. त्याला सहपरिवार समुद्राकडे धाडले. पाणी शुद्ध झाले आणि नागही जगला.

अशी साम्ये दिसली की सेल्ट लोक मूळचे येथलेच होते, असे सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. भाषा दूरच्या नात्याच्या आहेत, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यापुढचे अनुमान पुराव्याविना करणे हा पूर्वजांचा गौरव ठरत नाही. अधिक मोलाचा प्रश्न वेगळा आहे. इतक्या दूरच्या समाजांनी पाण्यावर देवीचा आणि सर्पाचा पहारा का बसवला?

उत्तर महाराष्ट्राच्या मातीतच आहे. नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठाशी शेंदूर लावलेले सात तांदळे दिसतात. त्या साती आसरा, म्हणजे अप्सरा. हिरव्या बांगड्या, खण-नारळ देऊन त्यांची ओटी भरतात. भर दुपारी डोहाकडे फिरकू नये, आसरा ओढून नेतात, असे घरातली वडील माणसे मुलांना बजावत. या भयाने किती मुले वाचली असतील, आणि किती डोह घाण होण्यापासून वाचले असतील! अजिंठ्याला वाघूर नदीवरून लेण्यांकडे चढताना सोळाव्या लेण्याच्या वाटेवर नागराज बसलेला आहे. तोही पाण्याचाच राखणदार.

सर्पाचे नाते तर आणखी प्रत्यक्ष आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूजल शोधण्याची विद्या सांगण्यासाठी 'दकार्गल' हा स्वतंत्र अध्याय दिला. त्यात वारूळ ही पाण्याची एक प्रमुख खूण आहे. जांभळाच्या झाडाजवळ पूर्वेस वारूळ असेल, तर त्या झाडाच्या दक्षिणेस गोड पाणी लागते, असे तो सांगतो. वारुळात नाग राहतो, आणि गोमंतकात व दक्षिण कोकणात सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. या वारूळपूजेमागील भूमातेच्या उपासनेचा मागोवा डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात घेतला आहे. देवी, नाग आणि पाणी एकाच जागी का आले, हे वराहमिहिराला शेजारी ठेवले की उमगते.

आता आर्थरच्या आधीच्या पिढीची एक कथा. व्होर्टिगर्न नावाचा राजा डोंगरावर बुरूज बांधू लागतो. दिवसा बांधलेले रात्री ढासळते. एक बालक त्याला सांगते, "या पायाखाली डोह आहे आणि डोहात दोन नागासुर झोपले आहेत." खणून पाहतात तो लाल आणि पांढरा असे दोन महासर्प निघतात. जेफ्री ऑफ मॉन्मथच्या इतिहासात हे बालक म्हणजे मर्लिन. वेल्सच्या ध्वजावर आजही तो लाल सर्प आहे. पायाखालचे पाणी विचारात न घेता बुरूज उभारणाऱ्याची ही कथा आहे.

नवी मुंबईकरांनी ही कथा नीट ऐकावी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. आगरी-कोळी बांधवांची भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे यांवर भराव पडला. काही भाग भरतीच्या पातळीखाली आहे, हे नियोजनकर्त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी धारण तलाव आखले. भरतीत खाडीचे पाणी आत येऊ नये, पावसाचे पाणी तलावात थांबावे आणि ओहोटीला बाहेर जावे, अशी ती रचना. वर्षानुवर्षे त्यांत गाळ साचला, कांदळवन वाढले. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली, आणि ते योग्यच झाले, कारण कांदळवन हाही किनाऱ्याचा पहारेकरीच. पण गाळ काढावा तर कांदळवन तुटते, न काढावा तर पाणी रस्त्यावर येते. वेळीच देखभाल झाली असती, तर हे दोन पहारेकरी एकमेकांसमोर उभे ठाकले नसते. बुरुजाखालचे दोन सर्प ते हेच.

नागपंचमीला नागाला दूध पाजणे ही त्याची सेवा नाही. सर्प दूध पचवू शकत नाही, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पूजा करायची ती त्याच्या वारुळाची, त्याच्या पाणथळीची. ज्या पुलावरून आजी नाणे टाकते, त्याच पुलावरून निर्माल्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवीही खाडीत पडते, आणि ती टाकणारा हातही भाविकाचाच असतो. ही विसंगती बाहेरच्या कुणी दाखवण्याआधी आपणच दूर केली पाहिजे.

प्रत्येकाने एवढे करावे. आपले घर ज्या गावाच्या जमिनीवर उभे आहे, त्या गावाचे तळे कोणते, विहीर कोठे होती, आसरांचे तांदळे कोठे आहेत, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना जाऊन विचारावे. नातवालाही बरोबर न्यावे. तळे असेल तर पावसाळ्यापूर्वी त्याचा काठ स्वच्छ करण्यास चार कुटुंबांनी उतरावे. ते बुजलेले असेल, तर निदान त्याचे नाव तरी मुलांना सांगावे, म्हणजे अतिवृष्टीच्या दिवशी पाणी दाराशी का आले, हे त्यांना कळेल.