एनिमा : केव्हा द्यावा, केव्हा देऊ नये

मंडळी, आपल्या अक्कलकोटकडचा उन्हाळा कडक. दिवसभर रानात घाम गाळायचा, पाणी बेताचंच प्यायचं आणि वर कडक भाकरी नि शेंगाचटणी. मग दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही, तर नवल कसलं?

पाणी, पालेभाजी, ताक वाढवूनही कोठा मोकळा होत नसेल, तर मोठ्या माणसाला घरी एनिमा देता येतो. आयुर्वेदातली बस्ती आपल्याला ठाऊक आहेच. पुण्याच्या वाटेवरच्या उरुळीकांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार सुरू केले. त्यांच्या उपचारांतही एनिमाला जागा होती.

भांडं, नळी, तोटी उकळून घ्या. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात पाऊण लहान चमचा मीठ. साबण नको. थोडं पाणी सोडून नळीतली हवा काढा. रोग्याला डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून निजवा. तोटीला तेल लावून हळूच सरकवा. भांडं हातभर उंच धरा. दुखलं की थांबा. पाणी पाच-दहा मिनिटं धरून मग शौचाला जाऊ द्या.

पण पोट दुखतंय, फुगलंय, उलटी, ताप किंवा शौचातून रक्त आहे, तर एनिमा नको आणि एरंडेलही नको! आंत्रपुच्छ सुजलं असेल तर ते फुटून जिवावर बेतेल. तडक सरकारी दवाखाना गाठा. मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. एनिम्याची सवयही लावू नका.

गुरुजी, वर्गात एवढं जरूर सांगा : दुखत्या पोटाला घरचा एनिमा नाही.