शोधायला जाणारा बर्णबा
(मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला अध्यात्मावर थोडं बोलायला सांगितलं. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे! म्हणून उपदेश न करता मी मला आवडणाऱ्या एका माणसाची ओळख करून देते. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक आहे. त्यात तो भेटतो. नाव बर्णबा.

त्याचं मूळ नाव योसेफ. कुप्र बेटावरचा, म्हणजे आजच्या सायप्रसचा, लेवी वंशातला यहुदी. प्रेषितांनी त्याचं नाव बर्णबा ठेवलं, म्हणजे धीर देणारा. टोपणनावं आपल्या वर्गातही होती, पण इतकं चांगलं कुणाच्याच वाट्याला आलं नाही!

शौल, म्हणजे पुढचा संत पौल, आधी ख्रिस्ताच्या अनुयायांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकत असे. दमास्कसच्या वाटेवर त्याचं मन पालटलं. पण यरुशलेमेत त्याच्यावर कुणी विश्वास ठेवेना, सगळे घाबरत होते. बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. पुढे शौलाच्या जिवावर बेतलं, म्हणून त्याला तार्सला पाठवावं लागलं. नंतर अंत्युखियात मंडळी वाढू लागली, तेव्हा बर्णबा स्वतः तार्सला गेला, शौलाला शोधून काढलं आणि सोबत घेऊन आला. दोघांनी तिथे वर्षभर शिकवलं. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम त्याच शहरात मिळालं.

या पुस्तकात आधी ‘बर्णबा आणि शौल’ असा क्रम येतो. पुढे बहुतेक ठिकाणी तो ‘पौल आणि बर्णबा’ असा होतो. आपण आणलेला माणूस आपल्यापुढे गेला, याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याची एक ओळही नाही. गुरुजनहो, हा आनंद काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट मार्कची. पहिल्या प्रवासात तो पर्गाहून, अर्ध्यातूनच परत गेला. पुढच्या वेळी पौल त्याला न्यायला तयार नव्हता. मी टीम सांभाळते, त्यामुळे पौलाचं म्हणणं मला लगेच पटतं. काम जोखमीचं होतं. पण बर्णबाने मार्कला सोडलं नाही. दोघांत कडाक्याचा वाद झाला, वाटा वेगळ्या झाल्या आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तोच पौल मार्कला घेऊन ये म्हणतो, कारण तो सेवेला उपयोगी आहे. दुसरं शुभवर्तमान परंपरेने याच मार्कच्या नावावर आहे.

मला यातून एवढंच कळतं की भक्ती प्रार्थनेपाशी थांबत नाही, ती माणसाच्या दारापर्यंत चालत जाते.

आज या सभागृहात काही खुर्च्या रिकाम्या आहेत. कुणी दहावीला अडखळलं, कुणाचा धंदा बसला, कुणाला वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण टाकलं, उत्तर आलं नाही, आपण गप्प बसलो. बर्णबा निरोपावर थांबला नव्हता. न आलेल्यांची यादी संयोजकांकडे आहे. त्यातलं एक नाव मी घेतलं आहे, पुढच्या रविवारी तिच्या घरी जाणार आहे. बाकीची नावं तुम्ही वाटून घ्या.